केस परत आले, पण उत्तर कुठंय?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरी रेशनचा गहू येतो, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

शेगाव आपल्या यवतमाळकरांना काही परकं नाही. गजानन महाराजांच्या दर्शनाला आपल्यातलं अर्धं गाव वर्षातून एकदा तरी जाऊन येतं. त्याच शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा अशा गावांत डिसेंबर २०२४च्या अखेरीला आणि जानेवारी २०२५मध्ये काय झालं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आधी डोकं खाजायचं, काहींचं डोकं दुखायचं, काहींना ताप, उलट्या, जुलाब. मग हात लावला की केस मुठीत. तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारे म्हणू नका, बाया म्हणू नका, शाळेतली लेकरं म्हणू नका. १८ गावांत मिळून २७९ लोकांचे केस गेले.

चॅनेलवाल्यांनी त्याला नाव दिलं ‘टक्कल व्हायरस’. आपणही व्हॉट्सअॅपवर हसलो. मीम फिरले. तिकडे मात्र पोरींनी कॉलेजात जाणं सोडलं, लोकांनी लाज नको म्हणून मुंडण करून घेतलं, काहींची ठरत आलेली लग्नं मोडली. त्या गावातली पोरगी करायची की नाही, असा विचार लोक करायला लागले. व्हायरस म्हटलं की माणूस दूर पळतो. एका चुकीच्या शब्दानं शेजारच्या गावांनी त्यांच्याशी उठणं-बसणं तोडलं.

बऱ्याच जणांचे केस परत आले. चॅनेलवाले गेले. आणि एप्रिल २०२५मध्ये बातमी आली की त्याच भागातल्या काही लोकांची नखं खराब व्हायला, गळून पडायला लागली. ती बातमी दोन दिवस चालली आणि विझली.

मला आज यावर लिहायचं आहे. कारण हा प्रश्न फक्त बुलढाण्याचा नाही.

आधी केसांचं साधं गणित समजून घेऊ

कोणाचे केस का गेले हे शोधायचं असेल तर पहिला प्रश्न विचारायचा: किती दिवसांत गेले?

आपल्या डोक्यावरचे दहातले साडेआठ-नऊ केस कोणत्याही वेळी वाढत असतात. बाकीचे आराम करत असतात. आराम संपला की ते गळतात आणि जागी नवे येतात. रोज ५० ते १०० केस गळणं ही निसर्गाचीच रीत आहे. कंगव्यात केस दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही.

मोठा ताप, डेंग्यू, बाळंतपण, ऑपरेशन, कडक उपास, घरातलं मोठं दुःख, असं काही झालं की बरेच केस एकदमच आरामात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झडतात. म्हणजे आज केस झडत असतील तर कारण दोन-तीन महिने मागं शोधायचं. नवं तेल, नवा शाम्पू यांना दोष देऊन उपयोग नाही. हे केस बहुतेक वेळा आपोआप परत येतात. आपल्याकडच्या बायांमध्ये रक्त कमी असणं हे आणखी एक मोठं कारण आहे. तिथं हजार रुपयांच्या तेलापेक्षा रक्ताची तपासणी आणि लोहाची गोळी कामाची.

पुरुषांना कपाळाकडून, टाळूवरून वर्षानुवर्षं हळूहळू पडणारं टक्कल वेगळं. ते अनुवंशाचं आणि हार्मोनचं. त्याला मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड अशी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची आणि सोडली की फायदाही जातो. गोल चट्टा पडून केस जातात त्याला आपण ‘चाई’ म्हणतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळावर उठते. त्याचा इलाज त्वचारोगतज्ज्ञाकडे. लेकरांच्या डोक्यात खपल्या, खाज आणि तुटके केस दिसले तर तो बुरशीचा नायटा असू शकतो, त्याला पोटातून औषध लागतं. नुसतं मलम चोळून जात नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट बसत नाही. तीन-चार दिवसांत डोकं साफ होणं. तेही एका घरात नाही, अठरा गावांत. असं तेव्हाच होतं जेव्हा वाढत असलेल्या केसाच्या मुळावरच थेट घाव बसतो. कॅन्सरच्या केमोथेरपीत होतं तसं. किंवा विषबाधेत होतं तसं. म्हणजे केस हा इथं आजारच नव्हता. शरीरात काहीतरी गेलं होतं, केसांनी फक्त ते सांगितलं.

मग पाण्यापासून गव्हापर्यंत

सुरुवातीला आरोग्य खात्यानं बुरशीचा संशय घेतला. मग पाण्याचा. पाण्याचा संशय चुकीचा नव्हता, कारण तो सगळा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तिथलं भूजल खारट आहे हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. तपासणीत पाण्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेही. पण खारं पाणी तर तिथले लोक आजे-पणजे असल्यापासून पितात. मग केस याच डिसेंबरात का गेले? जुनं कारण नव्या आजाराचं उत्तर होत नाही.

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथकं आली. नमुने घेऊन गेली. दरम्यान एक माणूस स्वतःहून कामाला लागला. डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडसारख्या ठिकाणी राहून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करणारे, पद्मश्री मिळालेले डॉक्टर. त्यांनी त्या गावांतले नमुने गोळा केले आणि खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष जाहीर केला: लोकांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम प्रचंड वाढलेलं आहे, झिंक कमी आहे, आणि हे सेलेनियम रेशन दुकानातून आलेल्या गव्हातलं आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. आणि तो गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता. स्थानिक गव्हाच्या तुलनेत त्यात सेलेनियम ६०० पट होतं.

सेलेनियम म्हणजे काय? जमिनीत सापडणारं एक मूलद्रव्य. शरीराला ते लागतं, पण किती? मोठ्या माणसाला दिवसाला ५०-५५ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेत मानतात.

आता हिशेब करा. बावस्करांच्या तपासणीत त्या गव्हात किलोमागे साधारण साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. वावरात राबणारा माणूस दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या सहज खातो. म्हणजे रोज चार मिलिग्रॅमच्या वर. चार हजार मायक्रोग्रॅमच्या वर. मर्यादेच्या दहापट, रोज, दोन्ही वेळच्या ताटातून. आणि गहू धुऊन घेतला तर? फारसा फरक नाही. कारण सेलेनियम वरून लागलेली धूळ नाही. रोपटं ते मुळातून ओढतं आणि दाण्याच्या प्रथिनात बसवतं.

केस आणि नखंच का? कारण दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात आणि त्या प्रथिनाला मजबुती गंधकामुळे येते. सेलेनियम हा गंधकाचा जवळचा भाऊबंद. तो गंधकाच्या जागी जाऊन बसतो आणि केस-नख आतून ठिसूळ होतं. केस लवकर पडतो. नख मुळापासून टोकापर्यंत यायला सहाएक महिने घेतं, म्हणून त्याचा बिघाड उशिरा दिसतो. डिसेंबरात केस आणि एप्रिलात नखं, हा क्रम उगाच जुळलेला वाटत नाही.

हे जगात पहिल्यांदा झालेलं नाही. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६०च्या दशकात असंच झालं होतं. लोकांचे केस आणि नखं गेली आणि मूळ सापडलं सेलेनियमनं भरलेल्या जमिनीत पिकलेल्या अन्नात. २००८मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप ‘पौष्टिक’ पूरक औषधात लेबलवर लिहिलेल्यापेक्षा २०० पट सेलेनियम पडलं आणि २०० माणसांना केसगळती, नखं, जुलाब, अंगदुखी असा त्रास झाला. आणि आपल्या देशात पंजाबच्या होशियारपूर आणि नवांशहर भागात सेलेनियमनं भरलेले जमिनीचे पट्टे आहेत, हे शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. लुधियानाच्या कृषी विद्यापीठात त्यावर अभ्यास झालेले आहेत. म्हणजे जमीन माहीत होती, गव्हाचा गुण माहीत होता, रोग माहीत होता. या तीन माहित्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, एवढंच.

‘पण भाऊ, मग सगळ्या जिल्ह्याला का नाही झालं?’

हा प्रश्न मला दोघा-तिघांनी विचारला, आणि तो बरोबर आहे. रेशनचा गहू तर सगळीकडे जातो. मग अठराच गावं का? आणि एकाच घरात एकाचे केस गेले, दुसऱ्याचे राहिले, असं का?

मला पटणारी शक्यता ही: गोदामातून गहू गाडीनं जातो, आणि एक गाडी मोजक्या दुकानांत रिकामी होते. सेलेनियमच्या एका छोट्या पट्ट्यातला गहू एकाच खेपेत आला असेल तर तो मोजक्याच गावांत पोचेल. घरात कोण किती पोळ्या खातो, कोण भाकरी खातो, कोणाच्या अंगात झिंक किती, यावरही फरक पडेल. पण ही झाली माझी शक्यता. उत्तर सरकारी अहवालानं द्यायचं असतं. कोणत्या गोदामातून, कोणत्या तारखेला, कुठला गहू त्या दुकानांत गेला, हे कागदावर असतंच. ते कागद आणि आयसीएमआरचे निकाल शेजारी ठेवून लोकांसमोर मांडले, तर दहा मिनिटांत शंका मिटेल. बावस्कर बरोबर असतील तर ते सिद्ध होईल. चुकत असतील तर तेही कळेल. आज दोन्ही होत नाही. गावात कोणी म्हणतो गहू, कोणी म्हणतो पाणी, कोणी म्हणतो शाम्पू, आणि कोणी म्हणतो देवाचा कोप.

यवतमाळवाल्यानं यात काहून पडावं?

दोन कारणं आहेत.

पहिलं, आपण २०१७ विसरलेलो नाही. पऱ्हाटीवर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. तेव्हा पहिलं वाक्य काय होतं? ‘शेतकऱ्यांनी मास्क-हातमोजे घातले नाहीत.’ म्हणजे मेला त्याचाच दोष. नेमकं कोणतं विष शरीरात गेलं, हे ठरवण्यासाठी रक्ताची जी तपासणी लवकरात लवकर व्हायला पाहिजे होती, ती वेळेत झाली नाही, यावर नंतर चौकशी झाली, बातम्या झाल्या. पण नंतर. विषबाधेचा पुरावा शरीरात काही दिवसच थांबतो. तो गेला की उरतो फक्त वाद.

शेगावातही तेच होतं. गव्हाचा पुरावा लोकांनी खाऊन टाकला. एका डॉक्टरनं धडपड केली नसती तर गव्हाचं नावही निघालं नसतं, आणि आपण आजही ‘टक्कल व्हायरस’वर हसत बसलो असतो.

दुसरं, आपलं ताट आणि त्यांचं ताट एकच आहे. बुलढाणा आणि यवतमाळ दोन्ही त्या चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत. अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयवाल्याला घरटी ३५ किलो धान्य. आपल्या आजीच्या काळी वावरात ज्वारी होती, घरात ज्वारीची भाकर होती. आज वावरात पऱ्हाटी आणि सोयाबीन, आणि पोळी रेशनच्या गव्हाची. खायचं धान्य आपण पिकवत नाही, ते कुठून येतं ते आपल्याला माहीत नाही. आपला गहू कोणत्या मातीत वाढला हे ज्याला माहीत नाही, त्यानं तपासणीवर विश्वास ठेवायचा असतो. म्हणून तपासणी पाहिजे.

आणि तपासणी काय होते? सरकारी खरेदीत गव्हाचा ओलावा बघतात, माती-खडे बघतात, तुटके, सुकलेले, किडलेले दाणे बघतात. हे सगळं डोळ्यांना दिसतं. सेलेनियम डोळ्यांना दिसत नाही. शेगावातला तो गहू दिसायला चांगलाच असणार, भाऊ.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही पोस्ट वाचून कोणी रेशनचा गहू फेकू नका. सगळा रेशनचा गहू विषारी आहे असं कोणी सिद्ध केलेलं नाही आणि मी तसं म्हणत नाही. ज्याच्या घरी त्या गव्हावर चूल पेटते, त्याला ‘खाऊ नको’ म्हणणं सोपं आहे, पर्याय देणं अवघड. आणि पंजाबच्या शेतकऱ्याला शिव्याही देऊ नका. त्याची जमीन त्यानं निवडलेली नाही, आणि तिथले लोक तोच गहू खात असतील तर धोका त्यांनाही आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत

१. आयसीएमआरच्या तपासणीचे निकाल मराठीत, त्या अठरा गावांच्या ग्रामपंचायतीत लावा. ज्यांनी रक्त दिलं, केस दिले, त्यांना आपल्या रक्तात काय निघालं ते जाणण्याचा पहिला हक्क आहे.

२. सेलेनियमच्या माहीत असलेल्या पट्ट्यांतून येणारा गहू केंद्रीय साठ्यात जाण्याआधी तपासा. सगळ्या देशाचा गहू तपासायला सांगत नाही. पट्टे माहीत आहेत, तिथूनच सुरुवात करा.

३. रेशन दुकानात धान्याचा नमुना लोकांना दिसेल असा ठेवायचा, हा नियम २०१५च्या आदेशात आहेच. त्याला एक पायरी जोडा: प्रत्येक खेपेचा सीलबंद नमुना, तारीख आणि गोदामाच्या नावासह, तालुक्याला सहा महिने जपून ठेवा. एक किलो गहू आणि एक पिशवी, एवढाच खर्च.

४. एका गावात आठवड्याभरात तीन-चार जणांना एकसारखा विचित्र त्रास झाला, तर आशाताईनं ते प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावं. आणि कळवलं की पहिल्याच दिवशी रक्त-लघवीबरोबर घरातलं पीठ, तेल, मीठ, पाणी यांचेही नमुने घ्यावेत. औषध नंतर द्या, नमुना आधी घ्या.

५. रेशनमध्ये इथली ज्वारी द्या. शेतकऱ्याला भाव मिळेल आणि ताटात एकाच मातीचं धान्य राहणार नाही. अन्नात विविधता असणं हाही विषापासूनचा बचावच आहे.

आणि आपण काय करायचं?

केस हळूहळू जात असतील तर घाबरू नका, पण महिनाभर नुसतं तेल बदलत बसू नका. रक्त तपासा, थायरॉइड तपासा, डॉक्टरला दाखवा. एकदम, दिवसांत जात असतील आणि शेजारीपाजारीही तसंच होत असेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. गळालेले केस कागदाच्या पुडीत ठेवा. घरातलं पाव-अर्धा किलो पीठ आणि गहू वेगळा बांधून त्यावर तारीख लिहा. दुकानातून कधी आणला ते लिहा. हाच तुमचा पुरावा.

‘केसांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्या मनानं सुरू करू नका. त्यातल्या कित्येकांत सेलेनियमच असतं. कमी असेल तर उपयोग, जास्त झालं तर त्याच गोळीनं केस जातात.

आणि टक्कल घालवणाऱ्या शिबिरांपासून लांब राहा. मार्च २०२५मध्ये पंजाबातल्या संगरूरला असं एक शिबिर झालं, डोक्याला तेल लावलं, आणि कितीतरी लोक डोळे सुजून, आग होऊन दवाखान्यात पोचले. केस तर कोणाचेच आले नाहीत.

शेवटचं. शेगावकडची सोयरीक आली आणि कोणी कुजबुजलं की ‘त्या गावातली पोरगी आहे, टकलाची साथ होती तिथं’, तर त्याला तिथंच थांबवा. ती साथ नव्हती. ते एकमेकांपासून लागत नाही. त्या पोरीनं सरकारनं दिलेला गहू खाल्ला आणि तिचे केस गेले. एवढाच तिचा गुन्हा.

तिचे केस आता परत आलेत. तिला उत्तर मिळालेलं नाही. आणि उद्याची गाडी कोणत्या तालुक्यात रिकामी होईल, हे तिला नाही माहीत, मला नाही माहीत, तुम्हालाही नाही.

तुमच्या गावातल्या रेशन दुकानात धान्याचा नमुना ठेवलेला दिसतो का, ते या आठवड्यात जाऊन बघा आणि खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. दुकानदाराशी भांडू नका, तो गहू पिकवत नाही. यादी झाली की तहसीलदारांना निवेदन द्यायला मी जाणार आहे. सोबत येणारे हात वर करा.

पटलं तर गावाच्या ग्रुपवर टाका.